माँट्रियलचा तह (१७०१) : पार्श्वभूमी

४ ऑगस्ट १७०१ रोजी आजच्या कॅनडातील, तेव्हा फ्रेंच वसाहतीत असलेल्या माँट्रियल येथे झालेल्या तहाच्या कागदावर फ्रेंच गव्हर्नर कालियेर यांच्या सहीबरोबरच प्राण्यापक्ष्यांची चित्रे दिसतात. ही चित्रे म्हणजे तेथे आलेल्या मूलनिवासी राष्ट्रांच्या सह्या असून, त्यांतील बरीचशी आपल्याकडील देवकांसारखी कुलचिन्हे आहेत. एकूण ३९ राष्ट्रांचे सुमारे १,३०० प्रतिनिधी या सभेला आले होते. गावाची स्वतःची वस्तीही जेमतेम तेवढीच होती.

बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार आणि त्यासाठी लागणारी शिकारभूमी यांवरून इरोक्वाय हा मूलनिवासी राष्ट्रांचा संघ एका बाजूला आणि फ्रेंच व पंचमहासरोवरांच्या परिसरातील त्यांची मित्रराष्ट्रे दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष सतराव्या शतकात अनेक दशके चालला. १६९६ मध्ये फ्रेंचांनी ओनोंडागा व ओनायडा या इरोक्वाय राष्ट्रांच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्स युद्ध थांबल्यामुळे इंग्रजांच्या बाजूचे इरोक्वाय एकाकी पडले. तरीही या तहाचे श्रेय एकट्या फ्रेंचांना देणे योग्य ठरत नाही.

फ्रेंचांच्या मित्रराष्ट्रांपैकी ह्युरॉन-वेंडॅट राष्ट्राचा नेता कोंडिआराँक याची कारकीर्द त्या दृष्टीने बोलकी आहे. फ्रेंच आपल्याला वगळून इरोक्वायांशी परस्पर तह करीत आहेत, हे कळताच १६८८ मध्ये त्याने इरोक्वाय वकिलांवर छापा घातला आणि हे गव्हर्नरच्याच सांगण्यावरून केले, असे भासवून ती बोलणी मोडून टाकली. १७०१ मध्ये मात्र त्यानेच पश्चिमेकडील राष्ट्रांना युद्धकैदी परत आणण्यास राजी केले. इरोक्वायांनी स्वतःकडचे कैदी आणले नव्हते, त्यामुळे सभा फिसकटण्याची वेळ आली. १ ऑगस्ट रोजी तापाने फणफणलेल्या कोंडिआराँकला उभेही राहवेना, तेव्हा त्याला आरामखुर्ची देण्यात आली आणि तीत बसूनच तो सुमारे दोन तास बोलला. त्याच रात्री त्याचे निधन झाले. फ्रेंचांनी लष्करी इतमामात त्याची अंत्ययात्रा काढली.

वाटाघाटींची रीतही मूलनिवासींचीच होती : शिंपल्यांच्या मण्यांचे वॅम्पम पट्टे देऊन शब्द पक्का करणे, मृतांसाठी शोक करणे, शिकारभूमीला सर्वांनी मिळून खाण्याचे एकच भांडे मानणे. गव्हर्नरला ते ‘ओनोंतियो’, म्हणजे थोर पर्वत, म्हणत आणि पिता मानत. ह्युरॉन व इरोक्वाय हे मातृवंशीय समाज असल्याने त्यांच्या घरात वडिलांपेक्षा मामाचा शब्द मोठा असे. त्यामुळे त्यांच्या मते पित्याने द्यावे, सांभाळावे, हुकूम सोडू नये. फ्रेंचांना पिता म्हणजे आज्ञा करणारा वाटे, आणि हा अर्थभेद दोघांनाही काही काळ सोयीचा ठरला असावा.

इंग्रज-फ्रेंच युद्धांत तटस्थ राहण्याचे वचन इरोक्वायांनी येथे दिले. मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्याच दुसऱ्या प्रतिनिधींनी इंग्रजांच्या न्यूयॉर्क वसाहतीतील आल्बनी येथे आपली बीव्हर-शिकारभूमी संरक्षणासाठी इंग्लंडच्या राजाच्या नावे लिहून दिली होती. त्या भूमीपैकी बराचसा भाग तोवर फ्रेंचांच्या मित्रराष्ट्रांनी इरोक्वायांकडून जिंकून घेतलेला होता.