साधनं आधी आली, सवयी मागाहून

९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरवर एकत्र काम कसं करता येईल याचं सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दाखवलं. दूर मेन्लो पार्क गावातल्या प्रयोगशाळेत बसलेला सहकारी पडद्यावर दिसत होता आणि दोघं मिळून एकाच मजकुरावर काम करत होते. यंत्राबरोबर माणसांच्या कामाच्या पद्धतीही बदलायला हव्यात, हा एंगलबार्ट यांचा कायमचा आग्रह. जगाने त्यांचा माऊस तेवढा उचलला.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर ईमेल पाठवला. पुढे ईमेल ऑफिसांत रुळला आणि निरोप झटपट जाऊ लागले, पण काम वेगवेगळंच चालू राहिलं. एकच फाइल चौघांकडे फिरायची आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ होऊन परत यायची. कुणाची दुरुस्ती कुठल्या प्रतीत राहिली, हे शोधण्यातच दुपार जायची.

लोटस नोट्स हे टीमने माहिती एकत्र ठेवून वापरायचं सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आलं ते ही अडचण सोडवायला. आणि इथेच, माझ्या मते, या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा आहे. एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स बसवलं जात असताना तिथल्या लोकांचा अभ्यास केला. तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअर होतं, पण बरेच जण ते आपल्यापुरतंच वापरत होते. ते नेमकं कशासाठी आणलंय, हे अनेकांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. शिकायला लागणारा वेळ क्लायंटच्या बिलात धरता येत नव्हता. बढती मिळायची ती स्वतःच्या ज्ञानावर. मग ते ज्ञान सगळ्यांसमोर कोण मांडेल? त्या लोकांना आळशी म्हणणं अन्यायाचं होईल.

संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच असंच काहीसं मांडलं होतं: सामायिक कॅलेंडर भरायची मेहनत सगळ्यांची, फायदा मात्र मीटिंग बोलावणाऱ्याचा.

१९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांची विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाही दुरुस्त करता येणारी वेबसाइट आली, २००६ मध्ये गूगल डॉक्स. प्रती फिरवणं थांबलं, तसा नवा संकोच आला. आपलं अर्धवट, चुका असलेलं वाक्य दुसऱ्याला टाइप होताना दिसतंय, हे सहन करायला शिकावं लागलं.

२०२० च्या महासाथीत बैठे काम करणाऱ्या असंख्य टीम रातोरात ऑनलाइन गेल्या. बटणं आठवड्याभरात कळली. निर्णय चॅटमध्ये राहू द्यायचा की डॉक्युमेंटमध्ये नोंदवायचा, रात्री आलेल्या मेसेजला लगेच उत्तर द्यायचं का, यावर मात्र टीममध्ये अजूनही बोलणी चालू आहेत.