केन्सिंग्टनचा दगड आणि व्हायकिंगची ती स्टोरी

कोलंबसच्या आधी, १३६२ मध्ये, व्हायकिंग (उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी) अमेरिकेतल्या मिनेसोटात पोचले आणि दगडावर तसं कोरून गेले, ही स्टोरी अजून फिरतेय. नाही हो!

झालं असं की १८९८ ला केन्सिंग्टन गावाजवळ (आजही वस्ती ३०० च्या आतच) ओलोफ ओहमान हा स्वीडिश शेतकरी रान साफ करत होता, तर झाडाच्या मुळांत अडकलेला ९० किलोचा दगड निघाला, त्यावर रून लिपीत (उत्तर युरोपातली जुनी लिपी) मजकूर की मासे धरून परत आलो तर १० माणसं रक्ताने लाल, मेलेली.

वाचायला भारी आहे पण भाषाच घोळ करते, कारण १४व्या शतकात स्वीडिशमध्ये 'आम्ही'सोबत क्रियापद अनेकवचनी यायचं आणि इथे एकवचनी रूपं आहेत, म्हणजे यादवांच्या शिलालेखात 'येतोय रे, थांब जरा' सापडावं तसं. वर यातली काही विचित्र अक्षरं १८८०च्या दशकातल्या एका स्वीडिश शिंप्याच्या कागदांवर सापडली, तीही २००४ मध्ये, म्हणजे ती अक्षरं दगड सापडला त्याच काळात वापरात होती.

कोरलं कोणी ते सिद्ध झालेलं नाही, ओहमानने कायम नाहीच म्हटलं. नॉर्स लोक (म्हणजे हेच व्हायकिंग) कोलंबसआधी आले हे खरंय, पण ते कॅनडात, न्यूफाउंडलंडला.

जवळच्या अलेक्झांड्रियात मात्र दगडाचं म्युझियम आहे आणि २८ फुटी व्हायकिंग उभाय, ढालीवर 'अमेरिकेचं जन्मस्थान'!