डोंबिवलीच्या संख्यांचं वर्गमूळ

ठाण्याहून धीमी लोकल पकडली, की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि मग डोंबिवली. हे स्टेशन गणिताच्या कोशांत पोचलंय, तेही जुन्या नावाने. ठाण्यात शाळा शिकलेले आणि पुढे देवळालीत मास्तरकी केलेले द. रा. कापरेकर यांना जीआयपी रेल्वेच्या ‘डेम्लो’ला, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, काही संख्यांची कल्पना सुचली. त्यांनी नावही स्टेशनाचंच दिलं: डेम्लो संख्या. १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली देखणी मंडळी.

मला मात्र त्यांच्या वर्गमुळांची जास्त ओढ. ११, १११, ११११... नुसत्या एकांची रांग. यातल्या मूळ संख्या कोणत्या?

११ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. सहा एक म्हणजे १११ × १००१. एक मोजून येणारा आकडा संयुक्त असला, की रांग अशी फुटतेच. तो मूळ हवा, पण तेवढ्याने भागत नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सात एक मांडा आणि २३९ ने भागा: ४६४९, बाकी शून्य. अकरा, तेरा, सतरा एकांचंही हेच. एकोणीस एक मात्र कुणाला दाद देत नाहीत: १११११११११११११११११११ ही मूळ संख्या आहे.

१ ला तिने भागलं तर दशांशचिन्हापुढे १८ शून्यं, मग ९, पुन्हा १८ शून्यं, पुन्हा ९. कारण तिची नऊपट म्हणजे एकोणीस नव. आता उलट बघा. १९ अंकांचं आवर्तन देणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येने एकोणीस नवांना भाग जायलाच हवा. त्यांचे मूळ अवयव दोनच: ३ आणि ही. ३ चं आवर्तन एका अंकाचं, ०.३३३... म्हणजे मूळ संख्या अनंत असूनही १९ अंकी आवर्तन या एकटीचंच! एवढा एकाधिकार क्वचितच कुणाला मिळतो.

पुढे २३, ३१७ आणि १,०३१ एकांच्या रांगा मूळ निघाल्या. त्यानंतर थेट ४९,०८१. ही मूळ असावी असं १९९९ मध्येच दिसलं होतं, पण सिद्धता आली २०२२ मध्ये. झटपट चाचण्या आहेत, पण त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. न मूळ असेल तर २ च्या न-व्या घातातून २ वजा करून उरलेल्या संख्येला न ने भाग जातो. पण ही परीक्षा ३४१ सुद्धा पास होते आणि ३४१ तर ११ × ३१!

२०२४ मध्ये सापडलेली सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे आणि तिची सिद्धता इतकी रखडली नाही. ती २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातापेक्षा एकाने कमी. एक मिळवला की नुसते दोनच दोन उरतात, आणि अशा संख्यांसाठी ल्यूका-लेमर ही खास कसोटी आहे, जी होय किंवा नाही असं ठाम सांगते. एकांच्या रांगेत एक मिळवा नाहीतर वजा करा, इतके सोपे अवयव हाती लागत नाहीत.