काहीही न घडणारी पहिली भेट

इंदूरच्या मराठी घरांत लहान मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे नेण्याचा दिवस बहुधा मुलाचा दातच ठरवतो, आणि तो मध्यरात्री ठरवतो. चार वर्षांचे मूल गाल धरून रडत उठते, आजी लवंगेच्या तेलाची बाटली शोधते, आई-बाबा आळीपाळीने त्याला कडेवर घेऊन फेऱ्या मारतात, आणि सकाळी न झोपलेले, काही न खाल्लेले, ठणक्याने बेजार झालेले ते मूल रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून थेट दवाखान्याच्या खुर्चीवर नेऊन बसवले जाते. त्या सकाळी डॉक्टरांपुढेही फारसे पर्याय नसतात. सुजलेल्या दाढेचे काहीतरी करावेच लागते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा हिरडीत सुई टोचावी लागते. अनोळखी खोली, डोळ्यांवर येणारा दिवा, मास्कआडचा चेहरा आणि वेदना या साऱ्यांची मुलाच्या मनात एकच गाठ बसते. नंतर ते मूल दवाखान्याची पाटी दिसताच आईचा पदर घट्ट धरते, तेव्हा ‘आमचा मुलगा जरा भित्राच आहे’ असे घरचे सांगतात. वास्तविक तो भित्रा नसतो. तासाभरात त्याला एक धडा मिळालेला असतो आणि तो त्याने चोख पाठ केलेला असतो.

भीती शिकली जाते ती कशी, याची मांडणी स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली केली. त्याने तीन वाटा सांगितल्या: स्वतः घेतलेला वाईट अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि कानावर पडलेली माहिती. पहिली वाट वर आलीच. उरलेल्या दोन वाटा आपल्या घरातूनच जातात. ‘माझी अक्कलदाढ काढली तेव्हा काय हाल झाले’ ही कथा बाबा जेवणाच्या पानावर रंगवून सांगतात, तेव्हा शेजारी वरणभात खाणारे तीन वर्षांचे मूल ऐकत नाही असे समजण्यात अर्थ नाही. ‘नीट जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील’ ही धमकी तर इतकी घरोघरची आहे की ती देणाऱ्याला आपण काही बोललो याचेही भान नसते. डॉक्टरांना शिक्षा करणारा माणूस ठरवून झाल्यावर त्याच माणसापुढे मुलाने आनंदाने तोंड उघडावे, ही अपेक्षा मला तरी न्यायाची वाटत नाही.

या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र दंतवैद्यांकडून आलेली नाही; ती शेळ्या-मेंढ्यांवरच्या प्रयोगातून आली आहे. 1959 मध्ये लुबो आणि मूर या संशोधकांनी असे दाखवले, की एखादा संकेत प्राण्याला आधी अनेकदा नुसताच दाखवला, म्हणजे त्याच्यामागून काहीही घडू दिले नाही, तर नंतर त्याच संकेतापाठोपाठ विजेचा झटका दिला तरी प्राणी त्या दोहोंची सांगड फार सावकाश घालतो. जो संकेत आतापर्यंत निरर्थक होता त्याकडे मेंदू सहजी वळत नाही. ‘लेटंट इनहिबिशन’ या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तीस वर्षांनी, 1989 मध्ये, ग्रॅहम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हाच धागा दातांच्या खुर्चीपर्यंत नेला. दातांच्या उपचारात केव्हातरी खूप दुखले असूनही ज्यांच्या मनात भीती बसली नव्हती, अशा लोकांच्या आठवणी तपासल्यावर असे दिसले, की त्या दुखऱ्या प्रसंगाच्या आधी त्यांच्या पदरी बिनदुखण्याच्या भेटी अधिक होत्या. याचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. पहिल्या भेटीची खरी तयारी म्हणजे ती भेट काहीही दुखत नसताना करणे, आणि तशा दोन-तीन कंटाळवाण्या भेटी मुलाच्या गाठीशी बांधून ठेवणे. पुढे कधी दात भरण्याची वेळ आलीच, तर तो प्रसंग कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही.

मग पहिल्यांदा केव्हा न्यावे? पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास, खालच्या हिरडीत पुढे येतो. तो आल्यावर, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, असे बालदंतवैद्यांचे सांगणे आहे. हे ऐकून घरातली वडीलधारी मंडळी हसतात, कारण दोन दात असलेल्या बाळाचे तपासायचे ते काय, आणि शिवाय हे दात पडणारच आहेत. पडलेला दुधाचा दात कौलावर किंवा उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखा बळकट दात मागण्याची आपली रीत गोड आहे खरी, पण दुधाच्या दातांना पाहुणे समजण्याची सवय तिच्याच सोबतीने आली असावी, अशी शंका येते. हे पाहुणे बराच मुक्काम करतात. दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन पुरे होतात. त्यांतले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, पण मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, म्हणजे मूल प्राथमिक शाळा संपवते तोवर पोळी चावण्याचे काम त्याच करतात. त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

दुधाच्या दातावरचे कठीण आवरण पक्क्या दाताच्या मानाने पातळ, ढोबळमानाने निम्म्या जाडीचे असते आणि आतला मज्जातंतूंचा गाभा तुलनेने मोठा व पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे कीड आत पोहोचायला वेळ लागत नाही. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तोंडातील सामू (pH; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) सुमारे 5.5 च्या खाली गेला, की आवरणातली खनिजे विरघळू लागतात. खाणे थांबल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू निवळून टाकते आणि त्याला अर्धा ते एक तास लागतो; पण झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणूनच साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. सकाळी पोह्यांसोबत जिलबी आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात रबडी खाणाऱ्या शहराला साखर सोडा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा आणि झोपण्याच्या किती आधी खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे, एवढे मात्र सांगता येते. या गोष्टी डॉक्टरांनी समजावण्याची, दाणाभर फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट (तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी) कशी लावायची ते दाखवण्याची जागा म्हणजे ही पहिली भेट.

त्या भेटीत प्रत्यक्षात घडते ते फारच थोडे. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला मोठ्या खुर्चीवर बसवतही नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असते, त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना असतात, आणि आई त्याला हलकेच मागे निजवते तेव्हा त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकते. बाळाला वर आईचा चेहरा दिसत राहतो, डॉक्टरांना दात दिसतात, आणि एक-दोन मिनिटांत काम आटोपते. बाळ त्या वेळी बहुधा रडते. या वयात अनोळखी माणसाला पाहून रडणे हे वाढ नीट होत असल्याचेच लक्षण असल्याने त्यात शरमिंदे होण्यासारखे काही नाही. आणि रडताना तोंड पूर्ण उघडे राहते, ही डॉक्टरांची सोयच म्हणायची.

अडीच-तीन वर्षांनंतर मात्र मूल शब्दांनी विचार करू लागलेले असते आणि तयारीही शब्दांची करावी लागते. 1959 याच वर्षी, हा निव्वळ योगायोग, ॲडलस्टन या दंतवैद्याने मुलांशी वागण्याची एक पद्धत लिहून काढली. ती आजही बालदंतवैद्य शिकतात. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, एवढीच ती पद्धत आहे. आरसा तोंडात घालण्यापूर्वी ‘हा छोटा आरसा आहे’ असे सांगायचे, तो मुलाच्या नखावर टेकवायचा, आणि मगच दाताला लावायचा. घरी याचीच रंगीत तालीम करता येते. मुलाला मांडीवर आडवे निजवून चमच्याच्या मागच्या बाजूने त्याचे दात मोजावेत, मग त्याला आपले दात मोजू द्यावेत, आणि ‘उद्या डॉक्टरकाकू असेच मोजणार आहेत’ असे आदल्या दिवशी सांगावे. आठवडाभर आधीपासून सांगत बसल्याने या वयात उपयोग होत नाही. उलट मूल रोज थोडे थोडे काळजीत पडते.

आपण प्रेमाने बोलतो ते शब्दच इथे अडचणीचे ठरतात. ‘घाबरू नकोस, अजिबात दुखणार नाही’ या वाक्यात मुलाला ऐकू येतात ते दोनच शब्द: घाबरणे आणि दुखणे. इंजेक्शन घेणाऱ्या मुलांच्या निरीक्षणांतही असे आढळले आहे, की पालकांचे वारंवार धीर देणे हे मुलांच्या वाढत्या अस्वस्थतेशी जोडलेले असते, तर दुसऱ्या विषयावर गप्पा मारणे किंवा श्वास फुंकायला लावणे उपयोगी पडते. आईच्या आवाजात धीर आला, की काहीतरी बिघडले आहे, हे मूल जाणते. खोटे आश्वासनही देऊ नये, कारण पुढे कधी खरेच दुखले तर विश्वास आईवरचा उडतो. ‘दाताला कीड लागली’ हा आपला वाक्प्रचार तर लहान मुलापुढे जपूनच वापरावा. तोंडात एक अळी वळवळते आहे असे चित्र डोळ्यांपुढे येऊन झोप उडालेली मुले असतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण दातात किडा असतो असे जगभरच्या मोठ्या माणसांनीही हजारो वर्षे मानले. फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार याने 1728 मध्ये ती कल्पना खोडून काढली, तरी भाषेतून ती गेलेली नाही. ‘दातावर काळा डाग पडला आहे, तो डॉक्टर साफ करतील’ एवढे मुलाला पुरते.

इंदुरात आणखी एक अडसर आहे; पुण्या-मुंबईच्या पालकांना तो सहसा भेटत नाही. आपली मुले घरात मराठी ऐकून वाढतात आणि बालवाडीत जाईपर्यंत अनेकांची हिंदी कच्चीच असते. खुर्चीवर बसल्यावर मात्र ‘मुँह खोलो बेटा’, ‘कुल्ला करो’, ‘हिलना मत’ या सूचना हिंदीत येतात. भेदरलेल्या मुलाला अनोळखी भाषेतली सूचना तर मुळीच कळत नाही, आणि ते ऐकत नाही असा समज मात्र होतो. तेव्हा घरच्या खेळात आजोबांनी डॉक्टर होऊन ही तीन-चार वाक्ये हिंदीतच म्हणावीत. दवाखाना कोणताही असो, वेळ ठरवताना ‘पहिलीच भेट आहे, फक्त ओळख करून घ्यायची आहे’ असे आधी सांगून ठेवावे. एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि बालदंतचिकित्सा हा दंतशिक्षणातला स्वतंत्र विषय आहे. लहान मुलांसाठी वेगळे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

वेळ सकाळची, झोप आणि हलका नाश्ता झाल्यानंतरची घ्यावी. सोबत एकच मोठे माणूस आत असावे, आणि ते घरातले सर्वांत निवांत माणूस असावे. ज्याला स्वतःलाच त्या खोलीतल्या वासाने घाम फुटतो त्याने बाहेर बसणे बरे. शेजारच्या खोलीत दात कोरण्याचे यंत्र चालू असेल तर त्याचा आवाज मुलाला समजावून द्यावा. हवेच्या झोताने मिनिटाला तीन लाखांहून अधिक वेळा फिरणाऱ्या भिंगरीचा तो आवाज आहे. ‘शिट्टी वाजवणारी भिंगरी’ म्हटले, की तिच्याविषयी कुतूहल वाटू लागते. ‘रडला नाहीस तर जिलबी’ असे आमिष मात्र दाखवू नये. जिलबी गोड असते म्हणून नव्हे, तर बक्षीस मिळण्याइतके आत काहीतरी भयंकर आहे हे त्यातून मुलाला कळते म्हणून.

आणि ज्या मुलाची पहिली भेट ठणक्यानेच झाली, त्याचे काय? दुखत असेल तर थांबण्यात शहाणपण नाही, त्याच दिवशी न्यावे. पण उपचार पुरे झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याच डॉक्टरांकडे, त्याच खुर्चीवर, नुसते दात मोजून घेण्यासाठी पुन्हा जावे. आधी मिळालेल्या साध्या भेटीइतके संरक्षण नंतरची भेट देत नाही, तरीही जी गाठ बसली आहे ती अशाच भेटींनी सैल होते.

भेट संपली तरी तिची आठवण अजून पक्की झालेली नसते. लहान मुलाची आठवण पुढचे काही दिवस घरच्यांच्या प्रश्नांनी घडत जाते. संध्याकाळी घरी आल्यावर आजीने ‘दुखलं का रे राजा? रडलास का?’ असे विचारले, तर न दुखलेले मूलही आठवून आठवून दुखणे सांगू लागते. म्हणून आजीला आधीच फोन करून ठेवावा, आणि तिने विचारावे, ‘डॉक्टरकाकूंनी किती दात मोजले? मला मोजून दाखव बघू.’