पार्श्वभूमी : भोंगा, डेक आणि होम थिएटर – स्पीकर-रिसीव्हरच्या आकड्यांमागचा इतिहास

जळगावच्या गोलाणी मार्केटात जा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर, म्युझिक सिस्टीम घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं ते ‘किती वॅटची आहे?’ एवढंच. दुकानदारही त्याच हिशोबात बोलतो. खरं तर क्रम उलटा हवा : आधी खोली, मग स्पीकर आणि सगळ्यांत शेवटी त्या स्पीकरला पुरेल असा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला डबा. वॅटची ही सवय कशी लागली ते कळलं, की खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांचंही कोडं सुटतं.

आज घरोघरी वाजतो त्या स्पीकरची रचना 1925 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी बसवली. चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला चिकटवलेला कागदी कोन. शंभर वर्षांत साहित्य बदललं, तत्त्व तेच आहे. तेव्हा अडचण ताकदीची होती. घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून तीन-चार वॅट निघाले तरी डोक्यावरून पाणी. म्हणून कोन हलका, कॅबिनेट मोठं आणि मागून उघडं, आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज देणारा स्पीकर, अशी जोडी ठरून गेली.

‘आठ ओहमच्या ॲम्प्लिफायरला आठ ओहमचाच स्पीकर’ हा नियमही त्याच काळातला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध). व्हॉल्व्हच्या पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असायचा, त्यावर 4, 8, 16 ओहमच्या वेगवेगळ्या चिमट्या असायच्या आणि जोडणी जुळली नाही तर ताकद वाया जायची. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला हा नियम लागू नाही. त्याला जास्त ओहमचा स्पीकर चालतो, ताकद थोडी कमी मिळते इतकंच. कमी ओहमचा मात्र त्रास देतो, कारण करंट वाढतो. एका चॅनलला (डाव्या किंवा उजव्या बाजूला) आठ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल लावले की चार ओहम होतात, चार लावले की दोन. मग आवाज चढवला की प्रोटेक्शन पडतं, म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि प्रोटेक्शन नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. लग्नघरी ‘अजून दोन पेट्या जोड’ म्हणताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

खान्देशातल्या कानाला मोठ्या आवाजाची ओळख करून दिली ती रेडिओने नाही, भोंग्याने. लग्न असो, यात्रा असो की कानबाईचा रोट, झाडावर नाहीतर धाब्यावर भोंगा बांधला की तीस वॅटच्या ॲम्प्लिफायरवर सगळ्या गावाला ऐकू जायचं. त्यात वॅटची करामत नव्हती. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती आवाज येतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. भोंग्याची 105 ते 110 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप), घरगुती स्पीकरची 85 ते 88. वीस डीबीचा फरक म्हणजे शंभरपट ताकद. भोंग्याच्या तीस वॅटची बरोबरी करायला घरच्या स्पीकरला तीन हजार वॅट लागतील, आणि तितके दिले तर त्याची कॉइल जळून जाईल. उलट बाजूने पाहिलं तर भोंग्यातून साधारण तीनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तीनशे कंपनांच्या) खालचं काहीच येत नाही. ढोलाची थाप त्यातून टिकटिक होऊनच बाहेर पडते.

घरचा स्पीकर इतका ‘आळशी’ का झाला, याचं उत्तर 1954 मध्ये आहे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-1 हा बंद पेटीचा स्पीकर काढला. कोनला आधार पेटीत कोंडलेल्या हवेचा. तोवर खोल बेससाठी कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चरची पेटी मांडणीवर मावत होती. बदल्यात तिला ताकद जास्त लागायची. लहान पेटी, खोल बेस, जास्त सेन्सिटिव्हिटी : तिन्हींपैकी दोनच मिळतात. साठच्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि लहान पेट्यांना दिवस आले. एवढ्याशा बॉक्समध्ये ‘डीजेसारखा बेस आणि कमी वॅटमध्ये’ असं कुणी सांगत असेल तर तीनपैकी एक गोष्ट खोटी आहे.

बेस वाढवायला भोक पाडलेल्या पेटीचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं. आपल्याकडे सुताराकडून प्लायचे बॉक्स करून घेण्याची पद्धत अजून आहे आणि तिथे हे गणित हटकून चुकतं. आतून 30 लिटरची पेटी घ्या. अठरा एमएमच्या प्लायला आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाचं नुसतं भोक पाडलं, तर ती पेटी 78 हर्ट्झच्या आसपास घुमते. प्रत्येक गाण्यात एकच ‘भुंम्’ ऐकू येतं ते त्यामुळे. त्याच भोकात 22 सेंटिमीटर लांबीची नळी बसवली, की घुमण्याची जागा 40 हर्ट्झवर उतरते. पीव्हीसीच्या तुकड्यासाठी जळगावात लांब जायला नको, शेतीच्या दुकानात मिळतो. मात्र तेवढ्याने भागत नाही. वूफरचे, म्हणजे बेसच्या स्पीकरचे, थील-स्मॉल आकडे (त्याचे मोजलेले गुणधर्म) त्या पेटीला जुळायला हवेत. ज्या वूफरचे हे आकडे दुकानदाराकडे नाहीत, त्याच्यासाठी बंद पेटी करणंच शहाणपणाचं.

रिसीव्हरची कथा वेगळी आहे. ट्यूनर (रेडिओ), प्रीॲम्प्लिफायर (आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा भाग) एकाच डब्यात, ही कल्पना हरमन कार्डनने 1954 मध्ये बाजारात आणली. 1958 मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड आल्या, 1961 मध्ये अमेरिकेत एफएमही स्टिरिओ झालं, आणि चांगलं संगीत हवेतून फुकट मिळू लागल्यावर तिकडे घराघरात रिसीव्हर गेला. आपल्याकडे तशी हवाच नव्हती. देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपण मद्रासमधून 1977 मध्ये सुरू झालं. आकाशवाणीचं जळगाव केंद्र मीडियम वेव्हवर, आणि मीडियम वेव्हच्या नऊ किलोहर्ट्झच्या चॅनलमधून साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा सूर जवळपास येतच नाही. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) लावून ऐकायचं काय? त्यामुळे इथे रिसीव्हर रुजला नाही. रुजला तो कॅसेटचा डेक, आणि त्याच्या शेजारी गावातल्याच मेकॅनिकने बांधलेला ॲम्प्लिफायर.

कॅसेटच्या काळात त्या ॲम्प्लिफायरमध्ये हमखास 4440 आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) असायची. सान्योच्या या आयसीची खरी ताकद स्टिरिओत सहा-सहा वॅट, ब्रिज केली, म्हणजे दोन्ही चॅनल जोडून एक केले, तर एकोणीस. डब्यावर ‘200 वॅट’चं स्टिकर. स्पीकर गाडीतला, काही ठिकाणी तो मातीच्या माठावर पालथा घातलेला. माठ एका ठरावीक पट्ट्यातला आवाज फुगवतो, ऐकणाऱ्याला बेस वाढल्यासारखा वाटतो. अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी आणि पुढे व्हीसीडी गावोगाव वाजल्या त्या अशाच साधनांवर. त्यात कमीपणा काही नाही. सहा वॅटमध्ये ओटा-अंगण भरत होतं, हेच त्यातून शिकण्यासारखं.

पुढे नव्वदच्या दशकात पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा, आलं. त्याची व्याख्या कोणत्याही मानकात नाही, त्यामुळे दहा वॅटच्या टू-इन-वनवर ‘1000 वॅट’ छापायला कुणाची आडकाठी नव्हती. अमेरिकेत 1974 मध्येच ॲम्प्लिफायरची जाहिरात कशी मोजून करायची याचा सरकारी नियम झाला होता. आपल्या गिऱ्हाइकाला मात्र स्वतःच ताडून पाहावं लागतं. सोपी रीत ॲडॉप्टर पाहण्याची. ब्लूटूथच्या छोट्या ॲम्प्लिफायरबरोबर 12 व्होल्ट, 3 ॲम्पियरचा ॲडॉप्टर आला असेल, तर आत जाणारी वीज 36 वॅट. बाहेर 2 × 100 कुठून येणार? फार तर 2 × 15. यातली टीपीए3116 चिप खरोखर चांगली आहे, पण तिचे 2 × 50 वॅट मिळायला 21 ते 24 व्होल्टचा, चार-पाच ॲम्पियरचा पुरवठा आणि चार ओहमचे स्पीकर लागतात, आणि तेही दहा टक्के विकृती धरून.

रिसीव्हर आपल्याकडे आला तो डीव्हीडीबरोबर, म्हणजे सिनेमासाठी. चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या पद्धतींपैकी घरासाठी डॉल्बी सराउंड 1982 मध्ये, प्रो लॉजिक 1987 मध्ये आणि डीव्हीडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी. 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनल) आलं, तेव्हापासून टीव्हीचा आवाज एकाच वायरने रिसीव्हरला परत येतो. चॅनल दोनाचे पाच आणि पाचाचे सात झाले, पॉवर सप्लाय मात्र एकच राहिला. खोक्यावर ‘7 × 140’ असतं. खाली बारीक अक्षरात 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के टीएचडी (आवाजातली विकृती), एक चॅनल चालू. मागच्या पट्टीवर वीजवापर 450 वॅट लिहिलेला असेल, तर सात चॅनलना मिळून 980 वॅट सतत देणं त्याला शक्य नाही. तुलना करायचीच तर ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 8 ओहम, दोन चॅनल चालू’ ही ओळ शोधावी. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत त्याने त्याच पैशात दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि एक पायरी वरचे स्पीकर घ्यावेत. पाच स्वस्त बॉक्सपेक्षा दोन चांगले केव्हाही बरे.

किती वॅट लागतात तेही मोजता येतं. स्पीकर 87 डीबीचे, ऐकणारा तीन मीटरवर. उघड्यावर इतक्या अंतरात साडेनऊ डीबी घटतात, खोलीत सहा-सात. दोन स्पीकरमुळे तीन वाढतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला सुमारे 83 डीबी. बोलण्यात अडथळा यावा इतका हा आवाज आहे. 40 वॅट दिले तर 99 डीबी, म्हणजे तबल्याच्या थापेला पुरेशी जागा. 40 चे 80 केले तर फक्त तीन डीबी वाढतात, कानाला ते जेमतेम कळतात.

उरलेला दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती, वर कड्या आणि तुळया. आवाज विखुरला जायचा. आता स्लॅब, टाइल्स आणि काच. दहा बाय बाराची खोली आणि उंचीही दहा फूट असेल, तर रुंदी आणि उंची दोन्ही 56 हर्ट्झलाच घुमतात आणि तो एक सूर सगळ्यांवर बसतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावा, दोन्हींत सहा-सात फूट अंतर ठेवावं. समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली तर टाळीचा कडकडाट जातो, बेसवर मात्र तिचा काही परिणाम होत नाही. पेटीत सरकीच्या गिरणीतला कापूस भरायचा तर जाळीत शिवून भरावा, नाहीतर वर्षभरात तळाला बसतो.

वायर इलेक्ट्रिशियनकडची दीड एमएमची, तांब्याची, दहा मीटरपर्यंत पुरते. नखाने खरवडून आतून पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर घूं आवाज येत असेल तर आधी अर्थिंग तपासावं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं. भारनियमनाच्या काळात घेतलेल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही ट्रान्सफॉर्मरचा रिसीव्हर असाच गुणगुणतो. अमेरिकेतून कुणी पाठवलेला 120 व्होल्टचा सेट थेट प्लगला लावू नये, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसला जातो, तेव्हा बंद कपाटातल्या रिसीव्हरच्या आत साठ-पासष्ट अंश सहज होतात. दर दहा अंशांमागे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून डब्याच्या वर वीतभर जागा मोकळी हवी. जुने स्पीकर घेताना कोनभोवतीची कड पाहावी. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत आपोआप कुजते. बोटाने हलकं दाबल्यावर काळा चिकट चुरा लागला तर ती संपली. नवी कड चिकटवून मिळते, पण त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा, आणि निवड हातात असेल तर रबराची कड असलेलाच स्पीकर पाहावा.