अर्धशिशी आणि मॅग्नेशियम: डबीवरचा आकडा नीट वाचा

मॅग्नेशियमचा संबंध प्रत्येक डोकेदुखीशी नाही. चष्म्याचा नंबर बदललाय, सायनस भरलाय, तर त्याचा काही उपयोग नाही. पुरावा आहे तो मुख्यतः अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा.

मेंदूच्या पेशींवर ग्लुटामेट या उत्तेजक रसायनामुळे उघडणारे काही मार्ग असतात. मॅग्नेशियम त्यांच्या तोंडाशी बुचासारखे बसते. ते कमी पडले की पेशी लवकर उत्तेजित होतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून हळूहळू सरकणारी विद्युत लाट सहज उठते. दुखणे सुरू होण्याआधी काहींना नागमोडी चमक दिसते, ती याच लाटेमुळे.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. शरीरातल्या सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी अर्ध्याहून जास्त हाडांत असते, रक्तद्रवात एक टक्काही नाही. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हा साठा वापरते.

इंदूरच्या पोहे-जिलबीचेच बघा. धान्यातले मॅग्नेशियम कोंड्यात आणि अंकुरात. पोह्यांत आणि मैद्यात ते फारसे उरत नाही. त्या प्लेटमध्ये थोडीफार लाज राखते ती बेसनाची शेव! आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीनुसार रोज पुरुषांना ४४० आणि स्त्रियांना ३७० मिलिग्रॅम लागते. भोपळ्याच्या ३० ग्रॅम बियांतून दीडशेच्या वर मिळते, तेवढ्याच शेंगदाण्यांतून पन्नासेक. ज्वारी-बाजरीही चांगली.

गोळ्यांबाबत १९९६ च्या एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे झटके तिसऱ्या महिन्यात सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. नकली, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर १६ टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांशी बोलून तीन महिने घेऊन बघावे, आठवड्यात निकाल मागू नये.

खरी गफलत डबीवर होते. गोळीत मॅग्नेशियम सुटे नसते, सायट्रेट किंवा ऑक्साइड अशा संयुगात असते. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेट म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम ८०. ऑक्साइडमध्ये वजनाच्या ६० टक्के असते, पण शोषले कमी जाते आणि जुलाब लागतात. डबीवर ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियम, या शब्दापुढचा आकडा शोधा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, मॅग्नेशियम साचते. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचे अंतर ठेवा. आणि डोके क्षणात, आयुष्यात कधी नव्हे इतके दुखले, तर डबी न शोधता थेट इस्पितळ गाठा.