डिस्ट्रिब्युटेड ऑपरेटिंग सिस्टिम्स विषयासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि हमखास होणाऱ्या चुका

पदव्युत्तर वर्गात डिस्ट्रिब्युटेड ऑपरेटिंग सिस्टिम्स (जोडलेले अनेक संगणक एकाच यंत्रणेसारखे चालवणे) हा विषय घेण्यासाठी पदवीला ऑपरेटिंग सिस्टिम्स व कॉम्प्युटर नेटवर्क्स हे विषय उत्तीर्ण असणे आणि सी किंवा गोसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहिता येणे, एवढीच साधारणपणे पात्रता असते. फॉर्म, छायाचित्र, ओळखपत्र आणि शुल्क यांत कोणी अडत नाही.

अर्ज अडतो तो सविस्तर अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रतीवर. गुणपत्रिकेवर विषयाचे केवळ नाव असते. ‘सिस्टिम सॉफ्टवेअर’ या एकाच नावाखाली कुठे असेंब्लर आणि लोडर शिकवतात, तर कुठे प्रोसेस, सेमाफोर आणि डेडलॉक हे ऑपरेटिंग सिस्टिम्समधले भाग, त्यामुळे छाननी करणाऱ्याला नावावरून काहीच ठरवता येत नाही. ही प्रत मागितली की कार्यालय हाताशी असलेला चालू अभ्यासक्रम शिक्का मारून देते, विद्यार्थीही तो न वाचता जोडतो, आणि गुणपत्रिका 2018 ची व अभ्यासक्रम 2022 पासून लागू झालेला, असे दिसताच अर्ज परत येतो. म्हणून मागणीपत्रात शैक्षणिक वर्ष आणि विषयाचा कोड स्पष्ट लिहावा. स्वतःच छापलेल्या अभ्यासक्रमावर शिक्का देण्यासाठी संस्थेने विद्यार्थ्याला चार खेपा का घालायला लावाव्यात, हे मला अद्याप उमगलेले नाही.

मुदतीच्या बाबतीत दोन गोष्टी नीट वाचाव्यात : वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि कागद ‘पाठवण्याची’ तारीख दिली आहे की ‘पोहोचण्याची’. घड्याळे तंतोतंत जुळलेली नसली तरी घटनांचा क्रम लावता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच दाखवले. प्रवेशाचा सर्व्हर मात्र स्वतःचेच घड्याळ प्रमाण मानतो.

उद्देशपत्रात क्लाउडच्या भवितव्यावर निबंध लिहू नये, त्यापेक्षा स्वतः केलेले लहानसे कामही पुरते. उदाहरणार्थ, दूरस्थ कॉलचे (दुसऱ्या संगणकाला पाठवलेल्या विनंतीचे) उत्तर वाटेत हरवल्याने क्लायंटने, म्हणजे विनंती करणाऱ्या संगणकाने, तीच विनंती पुन्हा पाठवली, खात्यातून रक्कम दोनदा वजा झाली, आणि मग प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देऊन, पुन्हा आलेली विनंती त्यावरून ओळखून तुम्ही ती चूक कशी दुरुस्त केली, एवढे नेमकेपणाने लिहिले तरी तयारी दिसते.

पूर्वअटीतील एखादा विषय झालेला नसेल, तर काही ठिकाणी सशर्त प्रवेश मिळतो; मात्र तो विषय नंतर उत्तीर्ण झाल्यावर निकालाची प्रत स्वतः जमा करावी लागते, कारण एका विभागाचा निकाल दुसऱ्या विभागाकडे आपोआप पोहोचेलच असे नाही.